तांब्याच्या पट्टीबाबत

नाव: भिंगरी. खरे नाव वेगळे आहे, ते हवालदारांनी वर लिहून घेतले आहे, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर मी वळून बघत नाही. वय: चोवीस. शिक्षण: नववी, तीही अर्धी. धंदा: एक असा नाही. मोटारींचे वायरिंग, जनरेटर, मध्यंतरी सर्कशीच्या गाड्यांचे लाइटकाम. पत्ता: सध्या थोरल्या भावाकडे, म्हणजे वडिलांच्या घरी.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, हा जबाब मी कालच द्यायला हवा होता. काल मला इथे बोलावले तेव्हा पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर पडलो आणि बसस्टँडवर जाऊन बसलो. दोन गाड्या गेल्या. मी चढलो नाही. का चढला नाहीस, असे हवालदारांनी विचारले. तिकिटाला पैसे होते. बाकी काही सांगायचे नाही. आज सकाळी आलो, तर माझे बोलणे लिहून घेता घेता त्यांनी दोन कागद फाडले आणि म्हणाले, "तुझं तोंड आणि माझा हात, जमत नाही बाबा. तूच लिही. झालं तेवढंच लिही, पाल्हाळ नको." म्हणून माझ्या हाताने लिहीत आहे.

सदर ट्रक माझ्या वडिलांचा आहे. जुना डिझेल, नाकाडवाला, दोन बॅटऱ्यांचा. वडिलांनी तो मी जन्मायच्या आधीपासून चालवला. मागच्या वर्षी त्यांच्या अंगावरून वारे गेले, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणे गेले. तेव्हा मी सर्कशीबरोबर होतो. निरोप मिळाला, पण उशिरा आलो. आलो तेव्हा दादाने, "किती दिवस?" असे विचारले. कसा आहेस हे वहिनीने विचारले.

ट्रक घराच्या पुढच्या आवारात उभा असतो. वडिलांचा पलंग खिडकीला लावलेला आहे. खिडकीतून ट्रकचे तोंड दिसते. दादाला ट्रक विकून त्या जागेत दुकानाचा गाळा काढायचा आहे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. अंथरूण तो बदलतो, डॉक्टरकडे तो नेतो. ते त्याने मला बऱ्याच वेळा सांगितले आहे आणि ते खरे आहे.

घेणारा एक वीटभट्टीवाला आहे. त्याची अट एकच, गाडी चालू हवी. तो पहिल्यांदा आला तेव्हा दादाने चावी फिरवली आणि काहीच झाले नाही. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, स्टार्टर मुका. मला बोलावले. मी खाली शिरलो. स्टार्टरला चावीकडून येणारी बारीक वायर निघालेली होती. मी ती लावली, तोवर वीटभट्टीवाला निघून गेला होता. हादऱ्याने निघाली असेल, असे मी दादाला सांगितले. वायरीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली होती, कुठे टेकून ठिणगी पडू नये म्हणून. ते मी सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. त्यानंतर तीन आठवडे गाडी एका चावीत लागत होती.

वायरिंग कुठे शिकलास, असे विचारल्यावरून सांगतो की वडिलांकडे. त्यांच्याकडे मागच्या दिव्याच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला एक टेस्टलॅम्प होता. तो अजून आहे. गाडी बंद पडली की ते म्हणायचे, "आधी दिव्याला विचार, मग गाडीला शिव्या दे." दिव्याला विचारायचे म्हणजे एक टोक बॅटरीला आणि दुसऱ्याने एकेक जागा तपासत जायचे, जिथे दिवा मंद होतो तिथे दुखणे. आणि काढलेला नट जमिनीवर ठेवला की पाठीत धपाटा. काढला त्याच बोल्टवर परत फिरवून ठेवायचा, वस्तू हातात असो नसो. मी सातवीत असताना एक नट गवतात हरवला, तर त्यांनी मला संध्याकाळपर्यंत शोधायला लावले आणि स्वतःही शोधत बसले. हे विषयाला धरून नाही असे हवालदार म्हणतात. खोडत नाही, कागद खराब होईल.

परवा सकाळी दहाच्या सुमारास वीटभट्टीवाला पुन्हा आला. बरोबर ड्रायव्हर आणला होता, म्हणजे सौदा पक्का. दादाने वडिलांना सांगितले, "बाबा, गाडी चाललीय बरं का." वडील भिंतीकडे तोंड करून होते. दादा चावी लावून बसला. खटखट, बस्स. इंजिन हलले नाही. त्याने दहाबारा वेळा चावी मारली. मी बॉनेटखाली होतो. ॲक्सिलरेटरच्या तारेतून धूर निघाला. मी ओरडलो, "दादा, सोड! सोड चावी!"

तो उतरला. "काय झालं?"

"बघतो."

"बघ लवकर. तुझ्या विद्येचा एक दिवस तरी घराला उपयोग होऊ दे."

मी टेस्टलॅम्प लावला. एक टोक बॅटरीच्या प्लसला. दुसरे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला टेकवले, दिवा लख्ख. इंजिनाला टेकवले, दिवा मेल्यासारखा. याचा अर्थ सोपा आहे. इंजिन रबरावर बसलेले असते. त्याला चेसिसशी जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते, अर्थिंगची. स्टार्टरचा सगळा करंट तिच्यातून परत जातो. ती नसली की करंट मिळेल त्या वाटेने पळतो, म्हणून ॲक्सिलरेटरची तार तापली. मी पुढच्या चाकामागे वाकून पाहिले. पट्टी नव्हती. दोन्ही बोल्ट जागेवर होते आणि दोन्हींवर नट परत फिरवलेले होते, वॉशरसकट. पान्याने आवळलेले नव्हते. हाताने जेवढे बसतात तेवढे.

असे कोण करते, असे विचारल्यावरून सांगतो की बरेच जण करतात.

मी दादाला, स्टार्टर जळाला, काढून न्यावा लागेल, असे सांगितले. खोटे का सांगितलेस, असे विचारले. मला तेव्हा तसे वाटले. धूर दिसला होता.

दादाने बाजारातला वायरमन आणला. तो चाकामागे बसला आणि लगेच हसायला लागला. म्हणाला, "शेठ, स्टार्टर धडधाकट आहे. पट्टी पळवलीय कोणीतरी. तुमचा भाऊ मघापासून दिवा घेऊन काय काजवे पकडत होता?" वीटभट्टीवाला म्हणाला, "आज पट्टी गेली, उद्या चाक जाईल. तुमचं घरचं आधी मिटवा." आणि ड्रायव्हरला घेऊन गेला.

त्यावर दादा मला चारचौघांत म्हणाला, "विकून खाल्लीस ना? बापाची गाडी होती रे, भिकारड्या."

वहिनी म्हणाली, "अहो, हळू. आत ऐकू जातंय."

"ऐकू दे! त्यांना काय कळतंय आता? परवा नळ चालू ठेवून सगळं घर भिजवलं. अजून एक असला उद्योग केला ना, तर नेऊन ठेवतो त्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत, बघायला माणूसही तिथलाच मिळेल. मी किती जणांना सांभाळू? एक भटका, एक वेडा."

संस्था गावाबाहेर आहे. मी एकदा जनरेटरच्या कामाला तिथे गेलो होतो. खोलीला खिडकी आहे, पण उंचावर. पलंगावरून आभाळ दिसते.

पट्टी तू काढलीस का? नाही. विकलीस का? नाही. मग कोणी काढली? मला माहीत नाही. हा प्रश्न मला चार वेळा विचारला गेला आणि चारही वेळा हेच उत्तर दिले आहे.

चाकामागच्या मातीत ठसे होते का, असे विचारले. होते, पण माझ्याच पायांनी ते पुसले गेले. बॅटऱ्या पलीकडच्या बाजूला असताना तू त्याच जागी चप्पल घासत फेऱ्या का मारत होतास, वायरमनने तसे सांगितले आहे, असे विचारले. यावर मला काही सांगायचे नाही.

वडील चालतात का, असे विचारले. चार पायांची काठी घेऊन पलंगापासून मोरीपर्यंत चालतात. आवारापर्यंत? मी पाहिलेले नाही. डावा हात? डावा हात चांगला आहे. जेवतात डाव्याने.

घरात कोणावर संशय आहे का, असे विचारले. नाही. वडिलांचे डोके ठिकाणावर आहे का, असे विचारले. माझ्या मते घरात सगळ्यांत जास्त त्यांचेच आहे. हे हवालदारांनी खोडायला सांगितले. खोडत नाही.

दादाने माझ्यावर तक्रार दिली आहे, ती त्याने मागे घ्यावी अशी माझी विनंती नाही. केस करायची तर माझ्यावर करावी. मला तसाही पत्ता नाही.

वर लिहिलेले हवालदारांनी मला आणि बाकावर बसलेल्या दादाला ऐकू जाईल असे वाचून दाखवले. मी सांगितले तसेच ते आहे. सही करायला पेन पुन्हा हातात घेतले होते, पण तेवढ्यात दारावरचा शिपाई आत येऊन म्हणाला की रिक्षातून एक म्हातारे गृहस्थ एकटेच उतरलेत, चार पायांची काठी टेकत पायऱ्या चढतायत, हात लावू देत नाहीत. बोलता येत नाही, पण गळ्यातल्या पिशवीकडे बोट दाखवतात, आणि पिशवी चांगली जड दिसते.

दादा उठून उभा राहिला आहे. सही अजून केलेली नाही.