सहा मिनिटांचा नग

“तुकडा सोडलास, की सेंटर हललंच म्हणून समज.” लेथच्या चकात घट्ट धरलेलं लोखंड फिरवून कापताना माझे काका वाकून हे ओवीसारखं घोळवायचे. तेच शब्द काल डोळ्यांच्या दवाखान्यात, शेजारच्या बाकावरून आले. एक म्हातारे टर्नर आपल्या लेकीला सांगत होते.

“मी सोडतच नाही, बाबा. माझ्या मशीनला दोन चक आहेत. समोरचा पुढे येऊन तुकडा धरतो, मग पहिला सोडतो.”

“फिरता फिरता?”

“फिरता फिरता. दोघांची गती एकच.”

“आणि आडवी भोकं?”

“तीही तिथंच. सहा मिनिटांत नग तयार.”

“मला पाऊण तास लागायचा.”

“त्यात तुमचे दोन चहा धरलेत ना?”

“चेष्टा पुरे. करतं मशीन, तू नुसती बटणं दाबतेस.”

“कुठलं हत्यार आधी, कुठलं नंतर, हे त्याला शिकवलं कोणी? वर्ष झालं या मशीनवर, बाबा. साहेबांनी पाठ थोपटली. तुम्ही एकदा ‘बरं’सुद्धा म्हणाला नाहीत.”

म्हाताऱ्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

“तू नमुन्याचा नग घरी आणला होतास ना, तो मी माझ्या मायक्रोमीटरने मोजला. सात ठिकाणी.”

“मग?”

“चूक शोधत होतो, पोरी. सापडली नाही. माझ्या हातून असा नग कधीच उतरला नाही.”