खिचडीची शिट्टी

जव्हारच्या स्टँडवर मोखाड्याच्या जीपसाठी चंपा रांगेत उभी होती. तिच्यापुढे गळ्यात शिट्टी अडकवलेला एक तरुण आणि हातातली पिशवी सावरणारी अंगणवाडीची बाई बोलत होते. चंपाने आपसूक कान तिकडे लावले.

"मी मीटिंगमध्ये अडकले रे मंगेश. पोरं आयांबरोबर पुढं गेली ना? मॅच कशी झाली?"

"ताई, पंचांनी सुरुवातीची शिट्टी मारली, आणि आपली सातही पोरं बॉल सोडून नळावर!"

"नळावर कशाला?"

"हात धुवायला. मग ओळीत मांडी घालून बसली. तुमचा खिचडीचा कुकर रोज तशीच शिट्टी मारतो ना?"

"अगं बाई! आणि जव्हारची पोरं?"

"ती थोडा वेळ बघत राहिली. मग तीपण हात धुऊन आली न् शेजारी बसली."

"आता गं!"

"जव्हारच्या आयांनी डबेच उघडले. सगळी पोटभर जेवली."

"मग मॅच?"

"झाली की. पण कोण कुणाच्या टीमचं, ते कुणालाच आठवेना. चौदाही पोरं एका बाजूला, मी एकटा दुसऱ्या बाजूला."

जीप आली. रांग हलली, तरी चंपाच्याने राहवेना.

"मग जिंकलं कोण, दादा?"

"मावशी, अकरा गोल चढवले माझ्यावर. वर आमची पाच वर्षांची पोशी जवळ येऊन म्हणते, 'मास्तर, रडू नका. पुढच्या टायमाला तुम्ही पण आमच्यात या.'"