शैला मॅडमचं पान कोण खोडणार?

प्रकाशराव, मॅडमच्या आई, प्लांटमधल्या माझ्या बाया-माणसांनो, आणि शेजारच्या रोलिंग मिलमधून शिफ्ट सोडून आलेल्या भावांनो,

बसून घ्या. मागं उभे आहेत त्यांनी पोत्यांच्या थप्पीला टेकून बसलं तरी चालेल. एरवी पोत्यावर कुणी बसलं तर मॅडम तिथूनच हाक मारायच्या. आज हाक येणार नाही. हेच अजून डोक्यात शिरून नाही राह्यलं.

मला बोलता येत नाही असं कुणी म्हणणार नाही. आज या प्लांटचा मालक असलो तरी आधी धान्याच्या मोंढ्यात हमाली केली, तिथंच तोंड तयार झालं. पण सौदा करणं वेगळं आणि गेलेल्या माणसाबद्दल बोलणं वेगळं. सौद्यात समोरचा उत्तर देतो.

बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. शैला मॅडम आमच्या या बियाण्याच्या प्लांटची लॅब बघायच्या. बी उगवेल का, ओल किती, दुसऱ्या जातीची भेसळ तर नाही, हे सगळं त्यांच्या हातून पुढं जायचं. टेंभुर्णीच्या सूनबाई. त्यांचे यजमान प्रकाशराव तिथं शाळेवर मास्तर. मोठा आजार, थोडे दिवस, आणि गेल्या.

पण मला आज लॅबबद्दल नाही बोलायचं. पाराबद्दल बोलायचंय.

आमच्याकडं आधी सगळा कारभार व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चालायचा. तुमच्याकडं पण तसंच असेल. सकाळी देवाचे फोटो, मंग सुप्रभात, त्याच्यात कुणीतरी लिहिणार की दोन नंबरचा पट्टा सरकतोय, त्याच्यावर कुणाच्या पोराचा वाढदिवस. दुपारी विचारावं, पट्ट्याचं काय झालं? कोणता पट्टा?

एक दिवस मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या. म्हणाल्या, “भाऊ, आपला ग्रुप म्हणजे बाजारचा दिवस झालाय. सांगितलेलं वाहून जातं. आपल्याला विकी पाहिजे.”

मी म्हणलं, “ही कोण?”

हसू नका. मला खरंच नव्हतं माहीत. त्यांनी कॉम्प्युटरवर दाखवलं. प्रत्येक कामाचं एक पान. ते पान कुणीही उघडायचं, कुणीही दुरुस्त करायचं, अन् कुणी काय बदललं ते नावानिशी मागं दिसतं. मी विचारलं, “कुणीही म्हणजे? हमालसुद्धा?” म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही कोण होते?”

घ्या म्हणलं विकी.

लोकांनी त्याला नाव ठेवलं पार. गावातल्या पारावर कसं, कुणीही येऊन बसावं, कुणीही बोलावं. नाव छान होतं, पण पारावर कुणी येईना. मॅडमनी कोरी पानं करून ठेवली, ती कोरीच. ज्याला विचारावं तो म्हणे, आम्हाला काय लिव्हता येतं.

आणि मंग एक गंमत सुरू झाली. मला माणसं आधी कानाला कळतात, मंग डोळ्याला. मशीनवर आवाज चढायला लागले होते. आमचे रऊफभाई, एलिव्हेटर चालवतात, तिकडं बसलेत बघा, ते तरातरा लॅबकडं निघाले होते. मी खिडकीपाशीच होतो. कान टवकारले.

“मॅडम, ये क्या लिख्या तुम्ही? जात बदलताना मशीन झाडून घ्यावं? बस?”

“का हो? झाडून होत नाही का?”

“झाडून कैसा होईल? कोपऱ्यात बी बसतं. हवा मारावी लागती. खालचा पत्रा खोलावा लागतो. न्हाई तर याचं बी त्याच्यात!”

“असं का? मंग तिथंच लिव्हा की.”

“मैं?”

“मंग काय मी? मला तर झाडूच माहीत.”

रऊफभाईंनी लिव्हलं. एका बोटानं, घाम पुसत लिव्हलं. त्याच्याखाली पॅकिंगच्या मंगलबाईंनी त्यांची चूक काढली. मंगलबाईंची तिसऱ्यानं काढली. बघता बघता पान असं भरलं की काय विचारता! चहाच्या पानावर तर साखर किती टाकायची यावरून आठवडाभर युद्ध चाललं होतं. एक जण वाढवायचा, दुसरा कमी करायचा. चहा करणारा बिचारा दर वेळी मोबाईल बघून पातेल्यात हात घालायचा.

पण माझ्या डोक्यात एक किडा वळवळत होता. बीएस्सी झालेली बाई, एवढी साधी चूक करती कशी? अन् एक झाली असती तर ठीक. जवळजवळ प्रत्येक नव्या पानावर एक. मी एकदा चहाला विचारलं, “मॅडम, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम चुकता का?”

इकडं तिकडं बघितलं अन् हळूच म्हणाल्या, “भाऊ, कुणाला सांगू नका. कोरं पान दिलं की आपली माणसं लाजतात. चुकीचं पान दिलं की कुणाला गप बसवत नाही.”

मी म्हणलं, “अन् कुणीच नाही बोललं तर? चुकीचंच चालायचं?”

“संध्याकाळी मी स्वतः दुरुस्त करते. चूक रात्रभर ठेवत नाही मी.”

आज मी ते सांगून टाकलं. माफ करा मॅडम. सांगायची गरज का पडली तेही ऐका.

त्या गेल्या, अन् आपण काय केलं? त्यांच्या कॉम्प्युटरला हार घातला. बराबर केलं. कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या पवननं मॅडमनी सुरू केलेल्या सगळ्या पानांना कुलूप लावलं, म्हणजे वाचायचं, बदलायचं नाही. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या मनातून आलं. मला म्हणाला, “भाऊ, मॅडमचे शब्द आहेत. तसेच राहू द्या.” मलाही तेव्हा भरून आलं. मी म्हणलं, राहू दे.

मंग मॅडम असताना आलेला नवा एलिव्हेटर सुरू झाला. बी खालून वर नेणारा बादल्यांचा पट्टा असतो तो. त्या दिवशी सोयाबीन चालू होतं. सोयाबीनची साल म्हणजे कांद्याचा पापुद्रा. जरा आपटलं की फुटलं, अन् फुटलेलं बी उगवत नाही. मी काट्यापाशी ट्रक बघत होतो अन् कानावर तडतड आली. तव्यावर मोहरी टाकल्यासारखी. पळत आत आलो.

“रऊफभाई, आवाज कशाचा?”

“बी उसळून राह्यलं भाऊ. खालचं बी सोडायचं दार कमी उघडलंय. बादल्या अर्ध्या रिकाम्या जाऊन राह्यल्या.”

“मंग उघडा की जास्त!”

“पानावर दोन बोटं लिव्हलंय. मॅडमनी लिव्हलंय.”

“तुम्हाला किती वाटतं?”

“चार बोटं. बिलकुल चार.”

दार चार बोटं उघडलं. आवाज गेला. बी गुपचूप चढायला लागलं. मी म्हणलं, आता पानावर लिव्हा, पवनला कुलूप काढायला सांगतो. रऊफभाईंनी नाही म्हणून मान हलवली. “हातानं उघडतो भाऊ. पण लिव्हणार न्हाई. गेलेल्या माणसाचं लिखाण खोडणारा मैं कौन?”

मंडळी, दुसऱ्या पाळीला जो आला त्यानं पान वाचलं आणि दार परत दोन बोटांवर आणलं. तो चुकला का? नाही. तो तर मॅडमचं ऐकत होता. परत तडतड. लॅबमध्ये फुटलेलं बी निघालं. तो माल मी बाजूला काढलाय, शेतकऱ्याच्या दारात जाऊ दिला नाही. पण असं किती दिवस चालेल? हात एक सांगतो, पान दुसरंच. सगळ्यांनाच खरं माहीत, अन् लिहायला कुणी तयार नाही. पेरणी तोंडावर आलीय. उद्या माझ्या कानाला नाही ऐकू आलं तर?

मी ते पान उघडून बघितलं. कधी लिहिलं ते तिथं दिसतं. दुपारी लिहिलेलं. अन् त्याच दिवशी, संध्याकाळच्या आधीच, प्रकाशरावांनी मॅडमला दवाखान्यात नेलं होतं.

म्हणजे त्या पानाची संध्याकाळ झालीच नाही.

तेव्हापासून मी विचार करतोय. ती चूक खरीच होती, का आपल्यासाठी ठेवलेली? मशीन नवं होतं, मॅडमनाही अंदाज नसेल. माणूसच ते, चुकलं असेल. नाहीतर रऊफभाई कधी तावातावानं येतात म्हणून लॅबच्या दाराकडं बघत बसल्या असतील. कोण सांगणार? विचारायला माणूस नाही. मला तर आता ते कळणारही नाही, अन् त्याची चुटपुट राहणार.

काल प्रकाशरावांकडं गेलो होतो. त्यांना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, “भाऊ, घरी पण असंच होतं. लग्न झाल्यावर भाजीत मीठ टाकायचीच नाही. मी आपला गुमान जेवायचो. नवी नवरी, कशाला दुखवा? एक दिवस ताट ओढून घेतलं अन् म्हणाली, तोंड उघडा की! असा गप जेवणारा माणूस मला नको.”

बघा, प्रकाशराव हसले. बरं वाटलं.

तर प्रकाशराव, आता सगळ्यांसमोर तुम्हाला विचारतो, कारण रऊफभाई माझं ऐकत नाहीत. मालक म्हणून हुकूम करता येईल मला. पण हे हुकमाचं काम नाही. शैला मॅडमचं लिहिलेलं खोडायला तुमची परवानगी आहे का?

आई, तुमची?

हो म्हणून मान हलवली दोघांनी. बघितलं ना रऊफभाई?

पवन, कुलूप काढ बाबा. सगळ्या पानांचं. तू प्रेमानं लावलं होतंस, प्रेमानंच काढ.

रऊफभाई, या पुढं. मोबाईल घ्या. लाजू नका, एका बोटानंच लिव्हा. दोन खोडा, चार लिव्हा, अन् तुमचं नाव येऊ द्या खाली.

मंडळी, आपण उभं राहू. घड्याळ लावून मौन नको. रऊफभाईंचं लिहून होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही. त्यांना वेळ लागेल. लागू द्या.

शैला मॅडम, नमस्कार.

लिव्हा, रऊफभाई.