बिल्डरची लाल वाइन

पनवेलच्या रजिस्ट्रार कचेरीत रिना नंबरची वाट बघत होती. मागच्या बाकावर गव्हाणचं एक म्हातारं जोडपं कुजबुजत होतं. तिनं कान टवकारले.

"काल बिल्डरनं फ्रान्सची लाल वाइन पाजली?"

"हो. आधी त्यानं पेला फिरवला, वास घेतला, तोंडात खुळखुळवली."

"मग?"

"भांड्यात थुंकला."

"तो थुंकला, आनि तुमी?"

"मी गिळली. तुरट होती. बोलला, लय भारी हाय. तिथले द्राक्षमळ्यांचे मालक पिढ्यान् पिढ्या जमीन विकत नाय, म्हनून ही चव."

"असं बोलला? आनि तुमच्याकडं काय मागतो?"

"...जमीन."

"महादेव घरत!" आतून पुकारा झाला. म्हातारा उठू लागला.

"बसा खाली," म्हातारी म्हणाली.