विझलेलं की धगधगतं?

पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसवलं तरी आजोबांचा आजींशी वाद काही मिटेना. फोटोग्राफर बिचारा दिवे सरकवत होता.

"अहो, दोन्ही बेटं ज्वालामुखीचीच. मग धगधगतं का नको?"

"विझलेल्यावर झाडी आहे, तळं आहे, गार वारा आहे. तीस वर्षं काचेच्या भट्टीपुढे भाजून निघालो, आता सुट्टीतही तेच?"

"तुम्ही भाजून निघालात. मी काय बघितलं? डबा आणला की कारखान्याच्या फाटकापाशीच थांबायचं."

"बाहेरच्यांना आत सोडत नव्हते, त्याला मी काय करू?"

"तुमच्या शर्टांना पडलेली भोकं तेवढी मी रफू करत बसले. ती कशाने पडायची, ते एकदा बघू दे की मला."

"आजोबा, हनुवटी जरा वर."

आजोबांनी हनुवटी वर केली.

"तिथे जाताना सुती कपडे घालायचे. नायलॉन अजिबात नको."

"बरं."

"टक लावून बघायचं नाही, डोळे किलकिले करायचे. आणि माझ्या मागे उभं राहायचं."

"मागे? म्हणजे तिथेही मी तुमचा शर्टच बघू?"

"आजोबा," फोटोग्राफर म्हणाला, "हसू नका. पासपोर्टला चालत नाही."