रफिकच्या गोलची नोंद

मी मूळचा लोधिवलीचा. घरी भातशेती, पण मी शिवणकाम शिकलो आन् खोपोलीत शिळफाट्याला दुकान टाकलं. फुटबॉल कदी खेळलो नाय, लहानपणापासून पाय अधू हाय माझा, पण आमच्या क्लबची एकबी म्याच सोडली नाय. टीमच्या जर्सी मीच शिवायचो, आन् म्याच झाली का दुकानात येऊन वहीत लिवायचो, कोण खेळला, गोल कोणी केला, कोणाच्या पासवर केला, चिखल किती होता, समदं. चौदा वह्या झाल्या. बायको बोलायची, अवो, एवढ्या वेळात देवाचं नाव तरी लिवा.

त्यात एक म्याच अशी हाय, काय सांगू तुमाला, आमी पयल्यांदा जिल्ह्याची फायनल जिंकलो ती. कर्जतला. शेवटची दोन मिन्टं, बाळारामनं कोपऱ्यातनं कॉर्नर मारला, बाळाराम म्हंजे आमचा कॅप्टन, माझा शाळेतला दोस्त, आन् रफिकनं उडी मारून डोकं लावलं. गोल! रफिक टेंपो चालवायचा. मागं तो वारला. घरात त्याचा खेळतानाचा एकबी फोटो नाय. त्याच्या बायकोला, जुलेखाभाभीला, मी बोललो होतो, भाभी, एक दिवस पुस्तक निघंल, त्यात रफिकचं नाव असंल, माझा शब्द हाय.

बाळाराम पुढं क्लबचा अध्यक्ष झाला. गेल्या साली घरी आला, बोलला, दामू, क्लबला पन्नास वर्षं झाली, पुस्तक काढतोय, तुझ्या वह्या दे रं. मी पिशवीत भरून दिल्या. झेरॉक्सबी काढली नाय. दोस्ताला देताना कोण झेरॉक्स काढतं हो?

पुस्तकाच्या कार्यक्रमाला भाभीला घेऊन गेलो. तिला वाचता येत नाय. मी त्या फायनलचं पान काढलं, ती बोलली, भाऊ, मोठ्यानं वाचा ना. लिवलेलं, विजयी गोल बाळारामनं केला. रफिकचं नाव सबंध पुस्तकात नाय. भाभी, बोललो, ह्यांनी खोटं छापलंय.

तसाच स्टेजजवळ गेलो. बाळाराम, कॉर्नर तू मारलास, मग गोलबी तूच कसा केलास रं? तो हसला, माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोलला, रफिक गेला बिचारा, त्याला आता काय फरक पडतो? आन् माझ्या वह्या? त्या छापखान्यात गहाळ झाल्या बोलतो. असं बोलला, जशी काय छत्री हरवली.

भाभीनं पुस्तक खुर्चीवरच ठेवलं, चला बोलली. रिक्षात बसली. मग बोलली, भाऊ, तुमी तर बघितलाय ना तो गोल, मग तुमीच सांगा मला. घर येईस्तोवर सांगत होतो. ती डोळं मिटून ऐकत होती.

आता बाळाराम दुकानावरनं जाताना हॉर्न मारतो. मी मशीनवरनं मान उचलत नाय. देव त्याला सुखात ठेवो, त्याच्या पोराबाळांचं बरं होवो. पण दोस्त हा शब्द आता त्याच्यासाठी माझ्या तोंडून निघत नाय, काय करू?