आवाजाचा पंखा

रिफअत : याला आवाज म्हणून नाहीच. दुकानदाराने चालू करून माझ्या कानाला लावला. म्हणाला, उस्ताद, न्हाणीघरात पंखा फिरतोय हे घरच्यांनाही कळायचं नाही.

इन्साफ : परत करून या.

रिफअत : अगं, खिडकीची काच काढून बसलोय मी. आता परत?

इन्साफ : त्याच्याकडे आवाजाचे नव्हते?

रिफअत : होते की. कोपऱ्यात धूळ खात पडलेत. पिठाच्या गिरणीसारखे घरघरतात. ते कोण घेणार?

इन्साफ : आपण.

रिफअत : न्हाणीघरातली वाफ काढायची आहे की वरात काढायची आहे? छताचे पोपडे पडतात, भिंतीला बुरशी आली, असं म्हणून तूच माझ्या मागे लागली होतीस.

इन्साफ : हळू बोला. काच नाही खिडकीला. साती मजल्यांची न्हाणीघरं याच मनवरात, या हवा-उजेडाच्या बोळात उघडतात. इथे खाकरलं तरी वर कळतं.

रिफअत : कळू दे. मी काय चोरी करतोय?

इन्साफ : बुरशीसाठी नको होता मला पंखा.

रिफअत : मग कशासाठी?

इन्साफ : तुमची लेक रोज तिसऱ्या प्रहरी अस्रची अजान झाली की आत जाते. ती अंघोळीला जाते, असं वाटतं तुम्हाला?

रिफअत : मग?

इन्साफ : रडते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दार वाजवलं आणि सांगितलं, नर्मीन, नळ सोडून ठेवत जा. ठेवते बिचारी. पण हुंदका नळाच्या आवाजात लपतो होय? आपण सगळ्यांना सांगून बसलोय, जावई कुवेतला नोकरीला गेलाय, म्हणून ती माहेरी आहे. नवरा पैसे कमवायला गेला म्हणून कुणी असं रडतं का? तलाक झाला हे या मनवराला कळायला कितीसा वेळ लागतो?

रिफअत : म्हणजे पंखा तिच्या रडण्यावर झाकण घालायला.

इन्साफ : माझ्या लाजेवर म्हणा.

(मनवरात वरच्या मजल्यावरून शेजारणीची हाक येते.)

उम्म हिशाम : इन्साफ, ठोकाठोकी कसली गं चाललीय?

इन्साफ : पंखा बसवतोय, उम्म हिशाम. ओल फार झालीय.

उम्म हिशाम : बसवा, बसवा. नाही बसला तरी जिवाला लावून घेऊ नकोस. लेकरू आत गेलं की मी माझी खिडकी लावून घेते. खालच्या बायकांनाही सांगून ठेवलंय, त्याही लावतात. कुणी ऐकत नाही तिला.

इन्साफ : तुम्हाला...

उम्म हिशाम : आणि ती दुसऱ्या मजल्यावरची नवी भाडेकरीण खोदून खोदून विचारत होती. तिला मी म्हटलं, जावई कुवेतला असतो, बक्कळ पगार आहे. पगाराचं मी माझ्या पदरचं घातलं. चल, माझी मुलूखियाची पातळ भाजी उतू जातेय.

रिफअत : गेली. अगं, बस त्या स्टुलावर.

इन्साफ : या उकाड्यात त्या बायका खिडक्या लावून बसल्या, माझ्या पोरीसाठी. आणि मी, जन्मदाती, तिला नळ सोडायला सांगितलं.

रिफअत : मी तरी काय केलं? टाकी रोज रिकामी होते म्हणून तिच्यावरच करवादलो. तीही मान खाली घालून हो म्हणाली.

इन्साफ : कधी जवळ घेऊन विचारलं नाही हो तिला, काय झालं म्हणून. विचारलं तर सांगेल, आणि सांगितलं तर खरं होईल, याचीच धास्ती.

रिफअत : अजान झाली बघ. येईलच ती आता.

नर्मीन : बाबा, काम उरकलं का? मला आत जायचंय.

इन्साफ : नाही उरकलं. ये, इथे माझ्यापाशी बस.

नर्मीन : इथे नको आई. खिडकी उघडी आहे, सगळ्यांना ऐकू जाईल.

इन्साफ : जाऊ दे. मला ऐकायचंय.